डॉक नंबर चारचे मौनीबाबा

दोन बोटं गळ्याच्या घाटीवर टेकवायची आणि मग दोन्ही हात जोडायचे. मी दादांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं सगळं बोलणं एवढंच होतं. बाकी जे सांगायचं ते काळ्या मार्करनं पुठ्ठ्यावर लिहायचे. गोदामात पुठ्ठ्याला काय तोटा! खोक्याचं झाकण फाडायचं, दोन शब्द लिहायचे, समोरच्याला दाखवायचे आणि पुठ्ठा भंगारात टाकायचा. अक्षर मोठं, सुटं सुटं. माझी शाळा आठवीत सुटली, तरी मला एका नजरेत वाचता यायचं.

राहनाळची गोदामं तुम्ही रस्त्यावरून पाहिली असतील. बाहेरून नुसता पत्रा दिसतो. आत शिरलं की रॅकच रॅक, आणि पुढच्या बाजूला गाड्या मागे लावायचे ओटे. त्यांना डॉक म्हणतात. डॉक नंबर चार दादांकडे. ते जवळच्याच गावातले. गोदाम ज्यांच्या शेतावर उभं राहिलं त्या घरांतल्या एकेका माणसाला कंपनीनं कामावर घेतलं होतं, त्यातले ते. वय अडतीस-चाळीस, अंगानं थोराड, आणि डोक्यावर कायम टोपी. टोपीत एवढं काय कोंबलंय, असा मला प्रश्न पडायचा.

मी वाशीमकडची. सातवीच्या पुढची शाळा पाच किलोमीटरवर होती. सोबतीच्या मुलीचं लग्न झालं आणि एकटीला पाठवायचं नाही म्हणून माझीही शाळा गेली. लग्न करून कामतघरला आले. हे पॉवरलूमवर, मी पॅकिंगला. गोदामात लागले तेव्हा मला सगळ्याची भीती वाटायची. गेटपास हरवेल, लेबल उलटं लागेल, कुणी नाव विचारलं तर तोंडातून आवाज निघणार नाही. गेटपास आहे ना, हे मी तासाला तीनदा चाचपून बघायचे.

मी लागले त्याच सोमवारी दादा आठ दिवसांच्या सुट्टीवरून परत आले होते. कपाळाला अंगारा, आणि तोंडातून शब्द नाही. आमच्या लाइनीवर सुशीलामावशी म्हणून होत्या, सगळ्या गोदामाच्या बातम्या त्यांच्याकडे. त्यांनी विचारलं, "दादा, गणेशपुरीला गेले होते का हो?"

दादांनी मान डोलावली. गेलेच होते, आई घेऊन गेली होती.

"मौन धरलंय?"

दादांनी दोन बोटं गळ्याला लावली आणि हात जोडले. म्हणजे, मावशी, कृपा करा, काही विचारू नका. मावशींनीही लगेच हात जोडले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पूर्ण गोदामाला कळलं, की डॉक चारच्या दादांनी गणेशपुरीला मौनव्रत घेतलंय. नाही म्हणायचं तर खरं काय ते सांगावं लागतं, आणि तेच तर त्यांना करायचं नव्हतं.

मग काय विचारता! दादांचे बाबा झाले. डबा उघडला की पहिला घास पुठ्ठ्यावर काढून डॉक चारला जायचा. एकीनं तापानं फणफणलेलं पोर गेटवर आणलं आणि "बाबा, नुसता हात ठेवा" म्हणाली. दादांनी आधी पोराच्या डोक्यावर हात ठेवला, मग पुठ्ठ्यावर लिहिलं, 'आधी दवाखान्यात ने.' ती बाई तो पुठ्ठा कपाळाला लावून घेऊन गेली. दवाखान्यातही गेली, हे बरं.

मॅनेजरसाहेब सगळ्यांत पुढे. एरवी कडक माणूस. पण देवधर्माचा भारी ओढा. सकाळी आले की केबिनमध्ये जायच्या आधी डॉक चारला वाकून नमस्कार. दादा अंग चोरून उभे. साहेब म्हणायचे, "बाबा, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही असलात तरी पुरे."

पण नुसतं असून कसं पुरेल? डॉकवरचं निम्मं काम ओरडायचं. ड्रायव्हर लोक समोरच्या टपरीवर ताडपत्रीखाली बसलेले. गाडीचा नंबर लागला की डॉकवरून हाक मारायची, "सत्त्याऐंशी चौदा! डॉक चार!" आता हाक कोण मारणार?

त्याच आठवड्यात माझ्या पुढ्यातल्या खोक्यातून उंदीर निघाला. मी किंचाळले. एवढी, की फोर्कलिफ्टवाल्यानं ब्रेक मारला. मी आधी गेटपास चाचपला. वाटलं, आज घरी पाठवतात. दादा लगबगीनं माझ्याकडे आले, एक झाकण फाडलं आणि लिहिलं, 'परत एकदा.'

मी म्हटलं, "दादा, उंदीर गेला हो."

त्यांनी खाली आणखी दोन शब्द लिहिले. 'उंदराशिवाय ओरड.'

अशी मी पॅकिंगवरून डॉकवर आले. पहिले दोन दिवस माझी हाक चार पावलांच्या पुढे जाईना. ड्रायव्हर हसायचे, "मॅडम, व्हाट्सॅप कर दो." दादा बाजूला उभे राहून स्वतःच्या पोटावर हात ठेवायचे, पोट भात्यासारखं फुगवून दाखवायचे आणि लिहायचे, 'पोटातून.' माझे खांदे वर गेले की मार्करनं खांद्यावर टकटक. 'घसा नाही. पोटातून.' मला नवल वाटायचं. ज्या माणसानं बोलणं सोडलंय त्याला ओरडण्यातलं एवढं कसं कळतं? वाटलं, साधू लोकांना सगळंच कळत असेल.

तिसऱ्या आठवड्यात माझी हाक टपरी ओलांडून रस्त्यापर्यंत गेली. त्या दिवशी घरी येऊन मी सहज ह्यांना "चहा झालाय" म्हटलं. लूमच्या खडखडाटात राहून ह्यांना कमी ऐकू येतं. एरवी तीनदा सांगावं लागायचं. त्या दिवशी हे दचकून उठलेच. "अगं, भांडतेस कशाला?" म्हणाले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. एका हाकेत ओ मिळाली ती तेव्हाच.

खरं काय ते एका ड्रायव्हरमुळे कळलं. नागालँडची गाडी होती. मी नंबर पुकारला, तो ओट्यावर चढला आणि दादांना बघून तिथेच थांबला. हातातला बिल्टीचा, म्हणजे मालाच्या पावतीचा, कागद खाली पडला.

"दादा? आप? इधर?"

दादांनी बोटं गळ्याला लावली. तो पोरगा वाकून त्यांच्या पाया पडला. मावशी लांबून म्हणाल्या, "बघा, नागालँडपर्यंत कीर्ती!"

मी त्याला सांगितलं, "ये हमारे बाबा हैं. मौन में हैं."

"बाबा?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "दीदी, हमारे गाँव में इनका फोटोवाला टीशर्ट पहनते हैं लड़के लोग." त्यानं मोबाइल काढून मला दाखवला. स्टेज, धूर, लाल दिवे. मध्ये एक माणूस, केस कमरेपर्यंत मोकळे. टोपीत काय कोंबलं होतं ते तेव्हा कळलं. त्यानं तोंड उघडलं आणि जो आवाज निघाला तो, देवाशपथ, गंजलेलं शटर ओढल्यासारखा. खाली हजारभर पोरं मुठी वर करून उड्या मारत होती. ड्रायव्हर म्हणाला, "मेटल है, दीदी. हेवी मेटल. मराठी में गाते हैं, हमको एक शब्द नहीं समझता, फिर भी सब मुँहज़बानी याद है." जाताना त्यानं बिल्टीच्या मागे दादांची सही घेतली.

दादांनी आधी माझ्याकडे, मग मावशींकडे बघितलं आणि त्या लाइनीवर परत जाईपर्यंत थांबले. पुठ्ठा फाडला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना एक झाकण पुरलं नाही, चार लागली. चौदा वर्षं ते गातायत. शनिवार-रविवार बंगलोर, शिलाँग, कुठं कुठं. सोमवारी परत डॉकवर. गावात कुणाला पत्ता नाही, घरचे म्हणतात ऑर्केस्ट्रात असतो. गाणी आगरी बोलीत. मिठागरं, खाडी, आणि एक गाणं भाताच्या खाचराचं. कुठलं खाचर ते त्यांनी लिहिलं नाही. नुसतं बोट खाली करून पायाखालचा ओटा दाखवला.

ओरडून ओरडून घशात गाठ आली होती. सुट्टीच्या त्या आठ दिवसांत ती काढली. डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या तपासणीपर्यंत एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. एकदा जरी जोर दिला तर आवाज कायमचा जाईल. आणि ऑगस्टमध्ये जर्मनीत मोठा मेळा होता, मेटलवाल्यांचा. चौदा वर्षांनी त्यांच्या बँडला बोलावणं आलं होतं.

मी विचारलं, "मग साहेबांना खरं सांगून आजारपणाची सुट्टी का नाही घेतली?"

त्यांनी लिहिलं, 'ऑपरेशनआधी विचारलं होतं. म्हणाले, डॉकवर गळाच नसेल तर माणूस काय कामाचा?'

बघा म्हणजे. आजारी गळ्याला साहेबांकडे जागा नव्हती, पण गप्प बाबाला होती. ऑगस्टच्या बारा दिवसांचा अर्ज दादांनी दिला तेव्हा साहेबांनी विचारलं, "तीर्थयात्रा?" दादा जागचे हलले नाहीत. साहेबांनी स्वतःच्या हातानं कारणाच्या रकान्यात 'तीर्थयात्रा' लिहिलं आणि वर सही केली.

तेव्हापासून माझी झोप उडाली. कुणाचं एवढं मोठं गुपित मी कधी सांभाळलं नव्हतं. रात्री ह्यांच्याकडे पाठ करून पडायचे आणि दिवस मोजायचे. तपासणीला सोळा राहिले, बारा राहिले. दादांना खोकला आला की मी पाण्याची बाटली घेऊन धावायचे.

आणि तपासणीला आठ दिवस उरले असताना गुरुपौर्णिमा आली.

साहेबांनी ठरवून टाकलं, की बाबांच्या मौनाचं उद्यापन गुरुपौर्णिमेलाच, इथेच, डॉक चारवर. मुंबईहून मालकांनाही बोलावलं. दादांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, 'अजून आठ दिवस.' साहेब हसून म्हणाले, "गुरूपुढे दिवस मोजायचे नसतात, बाबा."

ओटा धुतला, रांगोळी काढली, फोर्कलिफ्टला झेंडूची माळ घातली. शिऱ्याचं पातेलं आलं. भाड्याचा स्पीकर आणि माईक आला. दादांना पाटावर बसवलं, गळ्यात हार घातला. तोही नेमका गळ्यात. समोर आम्ही साठ-सत्तर माणसं आणि खुर्चीवर मालक.

साहेबांनी माईक त्यांच्या तोंडापुढे धरला. "एकच शब्द, बाबा. ओम म्हणा. पण असा, की शेवटच्या रॅकपर्यंत गेला पाहिजे."

दादांनी साहेबांच्या वरच्या खिशाकडे पाहिलं. सुट्टीच्या अर्जांचा गठ्ठा साहेब तिथेच ठेवायचे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हे मान हलवून नाही म्हणतील. त्यांनी डोळे मिटले. आणि मी बघितलं, शर्टाखाली पोट भरायला लागलं. सगळ्या गोदामात ते फक्त मला ओळखू येत होतं, त्यांनीच शिकवलेलं.

मला माईकची गरज पडली नाही.

"साहेब, थांबा! हे व्रत नाही! घशाचं ऑपरेशन झालंय त्यांचं! बोलले तर आवाज जाईल!"

एवढ्या माणसांत शिरा ढवळणाऱ्या डावाचा आवाज तेवढा राहिला, मग तोही थांबला. साहेबांचा हात माईकसकट खाली आला.

"मग पाच आठवडे मी पाया कुणाच्या पडत होतो?"

"आम्ही पण पडलो की, साहेब," मावशी म्हणाल्या.

मालकांना हसू फुटलं. ते हसले नसते तर कदाचित निभावलं असतं. साहेबांचं तोंड लाल झालं. "व्रत नाही तर काय आहे? कोण आहेस तू?" असं ते दादांना विचारत होते. तुम्हीवरून तूवर आले होते. एवढं सगळं दादा पुठ्ठ्यावर कसं लिहिणार? माझ्या मोबाइलमध्ये ड्रायव्हरनं पाठवलेला तो व्हिडिओ होता. मला वाटलं, ऐकल्यावर तरी ह्यांना कळेल केवढा माणूस आहे. मी मोबाइल माईकजवळ धरला.

माझी अक्कल बघा. भाड्याचा स्पीकर, पत्र्याचं छप्पर आणि तो आवाज! वरची कबुतरं एकदम उडाली. मालकांनी कानांवर हात ठेवले. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, ह्यांच्या तर अंगात येतंय!" दोघी-तिघींनी तर पुन्हा हात जोडले. आणि ज्यांचा तो आवाज, ते गळ्यात हार घालून पाटावर गप्प बसलेले. स्वतःचंच गाणं ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ.

साहेबांनी गठ्ठ्यातून अर्ज काढला, फाडला आणि सोमवारपासून येऊ नको म्हणाले. दादांनी हार काढून पाटावर ठेवला, चप्पल घातली आणि गेले. माझ्याकडे बघितलं नाही. काही लिहिलंही नाही. ओट्यावर कोरी झाकणं पडली होती, एखादं उचलून दोन शब्द लिहिले असते तरी चाललं असतं.

मला मात्र काढलं नाही. गाड्या पुकारायला कुणीतरी हवंच होतं.

रविवारी मी धीर करून त्यांच्या घरी गेले. ते घरात नव्हते. आई ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं कुठून आले ते. त्यांनी हात थांबवला.

"म्हंजे माईकवाली ती तू?"

"माईक नव्हता, आई. तसंच ओरडले."

"नोकरी गेली त्याची."

"हो."

त्या पुन्हा निवडायला लागल्या. खाली बघूनच म्हणाल्या, "काय गातो तो मला न्हाय कलत. गला खरवडतो नुसता. पन लहानपनी लय बोलायचा. कान किटायचे. आता दीड महिना झाला, आये म्हनून हाक न्हाय मारली." मग जरा हसल्या. "डाक्टर हो म्हनू दे. पैला शबूद मलाच बोलेल, बघ."

निघताना त्यांनी वर्तमानपत्रात मूठभर सुकट बांधून दिली. रागावल्या होत्या की नव्हत्या, मला अजून ठरवता येत नाही.

दादा पुढे जर्मनीला गेले. भर दुपारी, छोट्या स्टेजवर, अर्धा तास. व्हिडिओत चिखलात उभी असलेली गोरी माणसं दिसतात, आणि ती आमच्या डॉक चारच्या खाचराचं गाणं ओरडून म्हणतात, चुकीचंच, पण ओरडून. गोदामात आम्ही ते सुट्टीत पाहिलं. साहेब मागून डोकावून गेले. दादा आता शिलाँगला पोरांना गाणं शिकवतात आणि देशोदेशी फिरतात. गावात अजूनही त्यांचं गाणं फारसं कुणाला ठाऊक नाही. डॉक चारला मी आहे.

पण माझ्या मनातून जात नाही ते त्याच्या आधीचं, तपासणीच्या दिवसाचं. दुपारचे तीन वाजले होते, डॉकवर पाच गाड्या खोळंबलेल्या. डॉकचा मोबाइल वाजला, दादांकडून माझ्याकडे आलेला. नंबर अनोळखी.

"हॅलो, मी बोलतोय."

बारीक आवाज, जरासा नाकातला. रोज असे पन्नास फोन येतात. मी म्हटलं, "गाडी नंबर बोला."

"न्हाय, मी—"

"भाऊ, मी कोण ते राहू द्या. गाडी नंबर बोला, कुठून आली ते बोला. लाइन लागलीय इथं."

पलीकडे हसू आलं. हळू, जपून हसल्यासारखं. "गाडी न्हाय माझी. मी दादा. डाक्टरकडून भायेर पडलो आताच. खालच्या केमिस्टच्या फोनवरनं बोलतोय, माझ्या मोबाइलची बॅटरी गेलीय."

ओरडताना ऐकलेला आवाज मी झोपेत ओळखला असता. हा माझ्या ओळखीचाच नव्हता. माझ्या हातातला गेटपासांचा गठ्ठा खाली सांडला.

"दादा, आवाज?"

"हाय. रोज दोन मिन्टं बोलायला दिलीत. जास्त न्हाय."

"मग माझ्यावर कशाला घालवता? आईंना फोन करा की आधी!"

"आयेशी दोन मिन्टं पुरायची न्हायत," दादा म्हणाले. "तू त्या दिवशी हाक मारली नसती तर..."

मी खाली वाकून गेटपास गोळा करायला लागले. तेवढ्यावर ते थांबले, आवाज जपत असतील. मी घड्याळाकडे बघत राहिले. निम्मा वेळ तर मी गाडी नंबर विचारण्यातच घालवला होता. मग फोन कट झाला. खालून ड्रायव्हर ओरडत होते, "मॅडम, नंबर!"

इथल्या बाजारात त्यांच्या आई कधीतरी भेटतात. दर वेळी मला सांगतात, डाक्टरकडून आला तो रातभर गप्प बसला, आनि सकाली उठून पैला शबूद मला बोलला, आये म्हनाला. मी हो म्हणते. दर वेळी वाटतं सांगून टाकावं, आणि दर वेळी पिशवी या हातातून त्या हातात घेत मी तशीच घरी येते.